“घरातलीच वस्तू आहे हो ताई”

कॅमेऱ्यासाठी जुनी लेन्स हवी होती, नवी परवडत नव्हती. वापरलेल्या वस्तूंच्या एका साइटवर एक सापडली. विकणारा फोनवर इतका गोड बोलला की विचारू नका. “घरातलीच वस्तू आहे हो ताई, मुलगी शिकायला बाहेर गेली, आता नुसती पडून असते.” मग हळूच म्हणाला, “साइटवरून भरलेत तर ते कमिशन कापतात. थेट मलाच पाठवा, थोडे कमी करतो.” मी पाठवले. तिथेच माती खाल्ली.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. लेन्स दिसायला चकाचक. रात्री मागून मोबाइलचा टॉर्च धरला, तर आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी. फोटो पाठवले. त्याने पाहिले आणि मला ब्लॉक केलं.

साइटवाले म्हणाले, पैसे आमच्यामार्फत दिलेले नाहीत. खरंच होतं ते. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायचं सुचलं तोवर पाच दिवस उलटले होते, पैसे त्याच्या खात्यातून पुढे गेलेले.

म्हटलं, ग्राहक कायदा आहे ना! आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा ऑनलाइन खरेदीलाही लागू होतो. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. पण त्याच नियमांत सुरुवातीला एक वाक्य आहे, जे मी फसल्यावर वाचलं: एखादी व्यक्ती नियमित धंदा म्हणून नव्हे, तर वैयक्तिकरीत्या काही विकत असेल, तर हे नियम तिला लागू नाहीत. म्हणजे “घरातलीच वस्तू” हा नुसता गोडवा नव्हता, पळवाट होती.

मग त्याची जाहिरात पुन्हा नीट पाहिली. लेन्सखाली निळ्या चौकड्यांची चादर, कोपऱ्यात इस्त्रीचा करपलेला डाग. त्याच साइटवर शोधत गेले, तर वेगवेगळ्या नावांनी नऊ जाहिराती, नवांतही तीच चादर, तोच डाग. बऱ्याच मुली शिकायला बाहेर गेलेल्या दिसतात याच्या. तारीख आणि लिंक दिसेल असे सगळ्यांचे स्क्रीनशॉट त्याच रात्री काढले. दोन दिवसांनी बहुतेक जाहिराती गायब.

त्या स्क्रीनशॉटच्या जोरावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे: हा घरातली वस्तू विकणारा गृहस्थ नाही, नेमाने धंदा करणारा विक्रेता आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मात्र दोन वर्षांच्या आत. पोलिसांत फसवणुकीची तक्रार वेगळी दिली. (फसवणुकीचं कलम चारसोवीस आता नव्या भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, हेही तिथेच कळलं.)

लेन्स डब्यात तशीच आहे. पुरावा म्हणून ती साफही करून घेता येत नाही, आणि बुरशी वाढतेच आहे.