काचेवरचे चरे ‘गायब’ करणाऱ्यांपासून सावध राहा: ४,२०० रुपये गेले आणि काचही गेली

वायपरचे रबर झिजून आतली पट्टी पुढच्या काचेला घासत राहिली आणि चालकाच्या नजरेसमोरच कमानीसारखे चरे उमटले. रात्री समोरून दिवे आले की प्रकाश त्या चऱ्यांवर फाकायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा, त्यामुळे ते काढणे ही हौस नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो.

काच बदलायला ९,६०० रुपये सांगितले गेले होते. घरी येऊन चरे काढून देणाऱ्याने पॉलिशचे ३,५०० आणि ‘नॅनो कोटिंग’चे ७०० असे ४,२०० रुपये सांगितले. संशय यावा इतका हा आकडा कमी नव्हता, आणि बारीक चरे सीरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायच्या भुकटीने) खरोखर निघतात, हे मी आधी वाचलेले होते.

संताप होतो तो एका क्षणाबद्दल. ड्रिलला लावलेली चकती फिरवून झाल्यावर त्याने गाडी सावलीत घ्यायला लावली, काचेवर पातळ तेलकट द्रव पसरला आणि ‘बघा, एक तरी चरा दिसतो का?’ असे विचारले. खरोखरच दिसत नव्हता. ‘कोरडी करून दाखवा’ असे मी म्हणालोही. त्यावर ‘कोटिंग मुरायला चोवीस तास लागतात, तोवर कापडसुद्धा लावू नका’ हे उत्तर आले. तिथेच पैसे रोखायला हवे होते. चऱ्यात पाणी किंवा तेल भरले की प्रकाश विखुरत नाही आणि चरा नजरेआड होतो. पावसात भिजलेल्या काचेवर हे कुणीही पाहिलेले असते, पण माणूस आत्मविश्वासाने समोर उभा असताना ते कुणाला आठवते?

काच धुतल्यावर चरे जसेच्या तसे होते. शिवाय एकाच जागी चकती दाबून धरल्याने तिथली काच खोलगट झाली असून, तिच्यातून रस्त्यावरचा पांढरा पट्टा वाकडा दिसतो. घासून गेलेली काच परत भरून येत नाही, म्हणजे आता काच बदलावीच लागणार आणि एकूण भुर्दंड १३,८०० रुपयांचा. चऱ्यात नख अडकत असेल तर पॉलिशच्या नादी लागूच नका. जाणकार कारागीर आधी नख फिरवून पाहतो. याने काचेला बोटही लावले नव्हते.

पोलिस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर बिल मागितले. बिल नाही, यूपीआयची नोंद आहे, असे सांगितल्यावर दुकानाचा नोंदणीकृत पत्ता मागितला. जो माणूस पत्ता लपवूनच धंदा करतो, त्याचा पत्ता फसलेल्या माणसानेच शोधायचा असेल, तर या यंत्रणा नेमक्या कशासाठी आहेत? परिवहन कार्यालयाने तर विषय आपला नाही म्हणून फोनच ठेवला.

पक्के बिल हातात पडल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. टूथपेस्टने काचेवरचा चरा निघत नाही, आणि दगड लागून उडालेला काचेचा टवका भरायचे रेझिन वायपरच्या चऱ्यांवर चालत नाही; या उपायांनी चरे जातात असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते, म्हणून मी तिथे जातो आहे. ज्यांची अशीच फसवणूक झाली असेल त्यांनी काचेचे फोटो रात्री, समोरून दिवे पडत असताना काढून ठेवावेत. दिवसाच्या फोटोत हे चरे उमटतच नाहीत.