लिव्हिंग विलची माहिती-बैठक, बजाजनगर, नागपूर: आईला घेऊन गेले होते, सविस्तर रिव्ह्यू

लिव्हिंग विल म्हणजे आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद. रेटिंग आधीच देते, पाचपैकी चार. एक स्टार काहून कापला ते खाली लिहिलंय, पण ज्यांच्या घरी सत्तरीच्या वरचे आई-बाबा आहेत त्यांनी अशी बैठक कुठेही असली तरी जाऊन बसावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिले.

बैठक आमच्याकडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने ठेवली होती, बजाजनगरच्या एका समाजभवनात, रविवारी सकाळी १० वाजता, फी काहीच नाही. एक आयसीयूत काम करणारे डॉक्टर आणि एक वकील मॅडम बोलणार होत्या. १० चं सुरू झालं पावणेअकराला, कारण आधी दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ, मग मंडळाच्या अध्यक्षांचं मनोगत. एप्रिलचं ऊन, हॉलमध्ये दोन मोठे डेझर्ट कूलर घरघरत होते आणि डॉक्टर बोलून राहिले होते ते तिसऱ्या रांगेच्या पुढे जातच नव्हतं. शेवटी एका काकाजींनी उठून दोन्ही कूलर बंद केले, म्हणाले घाम आला तरी चालेल पण हे ऐकू द्या. त्यानंतर दीड तास लोक रुमालाने मान पुसत बसले होते पण उठून कोणी गेलं नाही.

मी का गेले ते सांगते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. फुप्फुसाचा फायब्रोसिस होता, बरा होणारा नव्हता, ते आम्हाला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. तरी त्या रात्री दम वाढला तेव्हा आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं (नाव लिहीत नाही) आणि आयसीयूच्या दारात एका ज्युनियर डॉक्टरने कागद पुढे केला, व्हेंटिलेटर लावायचा का, पाच मिनिटांत सांगा. दादा पुण्याला, फोनवर रडत म्हणाला सगळं करा, काही कमी पडू देऊ नका. मी सही केली. १९ दिवस. सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १० मिनिटं भेटू द्यायचे. बाबा तोंडातली नळी ओढायचे म्हणून त्यांच्या मनगटाला पट्टी बांधून ती पलंगाच्या दांडीला बांधली होती, आणि मी गेले की ते बोटांनी खूण करायचे, सोडव. बोलता येत नव्हतं, फक्त ती बोटं. मी सिस्टरला विचारायचे, त्या म्हणायच्या ताई सोडलं तर नळी काढून टाकतील. त्यांचीही चूक नव्हती.

आणि सगळ्यात जास्त काय टोचतं तर बाबांनी सांगून ठेवलं होतं. २०११ च्या मार्चमध्ये अरुणा शानबाग यांच्या केसचा निकाल आला (मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं भान नसलेल्या अवस्थेत अंथरुणावर होत्या) तेव्हा पेपर वाचता वाचता म्हणाले होते, माझं असं काही करू नका बरं. चहा पिता पिता म्हणाले, आम्ही म्हटलं काय बाबा सकाळी सकाळी, आणि विषय संपला. कोणी पुढे विचारलंच नाही की असं म्हणजे नेमकं कसं, कुठपर्यंत करायचं आणि कुठे थांबायचं. एका वाक्यावर आयसीयूच्या दारात निर्णय घेता येत नाही हो, हे मला तेव्हा कळलं.

तर बैठक. आमंत्रणात 'इच्छापत्र' असा शब्द होता त्यामुळे एक काकाजी बेसाच्या प्लॉटची पूर्ण फाइल घेऊन आले होते, सातबारा, सेलडीड, सगळं. त्यांना वाटलं प्रॉपर्टीचं मृत्युपत्र कसं करायचं ते सांगणार. वकील मॅडमनी तिथूनच सुरुवात केली आणि ते फार छान झालं. म्हणाल्या काकाजी, ते मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. आणि हे जे लिव्हिंग विल आहे ते तुम्ही जिवंत असताना लागू होतं, पण तुम्हाला स्वतःला बोलता येत नसेल, समजत नसेल तेव्हा. आजार बरा होणारा नाही, यंत्रावर फक्त दिवस वाढून राहिलेत, अशा वेळी मला काय उपचार हवेत, काय नकोत आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे आधीच लिहून ठेवायचं. अख्ख्या हॉलला तिथेच समजलं.

कायद्याचा भाग मॅडमनी खरंच मेहनत घेऊन सांगितला. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कॉमन कॉज केसमध्ये निकाल दिला की सन्मानाने मरण येणं हाही राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि लिव्हिंग विल कायदेशीर आहे. पण तेव्हा त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, ती प्रोसिजर इतकी अवघड की लोकांना जमतच नव्हतं. मग २४ जानेवारी २०२३ ला कोर्टाने स्वतःच ती सोपी केली. आता १८ वर्षांवरची, शुद्धीत असलेली कोणीही व्यक्ती स्वतःच्या मर्जीने लिहू शकते, दोन साक्षीदार लागतात, शक्यतो घरातले नसलेले, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं द्यायची, एकापेक्षा जास्त देता येतात. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला आणि एक महापालिकेच्या वा नगरपालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात जनहित याचिका केली होती, त्यानंतर आपल्या राज्यात असे कस्टोडियन, म्हणजे हे कागद सांभाळणारे अधिकारी, नेमले गेले. आणि मन बदललं तर केव्हाही लेखी रद्द करता येतं, हे मॅडमनी तीन वेळा सांगितलं, कारण म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त भीती तीच की एकदा सही केली म्हणजे झालं.

दुसरी भीती एका आजींनी बोलून दाखवली. उभ्या राहून म्हणाल्या, कागद हाती आला की सूनबाई लगेच मशीन बंद करा म्हणाल्या तर? कोणी हसलं नाही, कारण तो प्रश्न पुष्कळांच्या मनात होता. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की कागद आहे म्हणून कोणी एकटं काही करू शकत नाही. आधी हॉस्पिटलचं प्राथमिक मंडळ बसतं, उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले दोन अनुभवी डॉक्टर, मग दुसरं मंडळ बसतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, घरच्यांची संमती, आणि यंत्र काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. मंडळाने नाही म्हटलं तर हायकोर्टात जाता येतं, म्हणजे आपल्याला इथेच नागपूर खंडपीठात. आणि इंजेक्शन देऊन मारणं, ते भारतात चालत नाही, तो गुन्हाच आहे, या कागदाने ते होत नाही. आजी बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, मग ठीक आहे.

मेडिकलमधून (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमधून) रिटायर झालेल्या एक सिस्टर पुढच्या रांगेत होत्या. अरुणा शानबागचा उल्लेख झाला तेव्हा त्या बोलल्या आणि मला वाटतं पूर्ण सकाळमधलं ते सगळ्यात मोलाचं होतं. म्हणाल्या, १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं, अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही, त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या आम्ही सांभाळू, थांबवू नका. त्यांचं मला कळतं. पण अरुणाला काय हवं होतं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण २५-२६ वर्षांच्या मुलीला असं कोण विचारतं. एवढं बोलून त्या बसल्या. मी आईकडे पाहिलं तर आई पर्समधून पेन काढून राहिली होती.

वर्ध्याकडच्या एका गृहस्थांनी विनोबांचा विषय काढला, की नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-पाणी-औषध थांबवलं आणि १५ तारखेला ते गेले, मग तेव्हा कुठे कोणता फॉर्म होता. एका जैन काकूंनी लगेच संथाऱ्याचं, म्हणजे जैनांच्या मरेपर्यंतच्या उपवासाच्या व्रताचं विचारलं. २०१५ मध्ये राजस्थान हायकोर्टाने बंदी घातली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली, एवढं मॅडमनी सांगितलं. म्हणाल्या प्रायोपवेशन, संथारा हा व्रताचा आणि श्रद्धेचा विषय, आणि आजचा विषय उपचार नाकारण्याचा, दोन्हींची गल्लत नको. मला हे पटलं, तरी वाटतं की आपल्याकडे हा विचार परका नाही हे लोकांना विनोबांच्या नावाने जेवढं पटकन कळतं तेवढं कलम २१ ने कळत नाही, तर पुढच्या वेळी त्यावर थोडं जास्त बोला.

आता स्टार कशाचा कापला. एका बाईंनी विचारलं, नळी नाही लावायची म्हणता, मग दुखणं कोण बघणार, दम कोंडला तर आम्ही घरी काय करायचं? माझ्या मते खरा प्रश्न हाच होता आणि त्याला मिळाली पाच मिनिटं. डॉक्टर जेवढं बोलले ते बरोबर बोलले, की व्हेंटिलेटर नको म्हणजे उपचार नको असं नसतं, वेदना आणि दम दोन्हीवर मॉर्फिनसारखी औषधं असतात, २०१४ मध्ये कायदा बदलून ती हॉस्पिटलना मिळणं सोपं केलंय, केरळमध्ये तर गावोगावचे स्वयंसेवक घरी जाऊन अशा पेशंटला बघतात. पण मला नागपूरचं ऐकायचं होतं. आपल्याकडे कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यासाठी स्नेहांचल आहे, पण ज्याला कॅन्सर नाही, माझ्या बाबांसारखं फुप्फुस गेलंय किंवा किडनी गेलीय, त्याने कुठे जायचं? घरी ऑक्सिजन, रात्रीची आया, मॉर्फिन कोण लिहून देणार, पहाटे तीनला फोन कोण उचलणार? शाल-श्रीफळाची ४५ मिनिटं याला दिली असती तर किती बरं झालं असतं. बाबांना घरी आणायचा विचार मी बाराव्या दिवशी केला होता, पण तिथे मला सांगितलं की लेखी द्या, तुमच्या जबाबदारीवर न्या, आणि घरी नेऊन काय करायचं हे एका माणसानेही सांगितलं नाही. घाबरून मी नेलं नाही. आईला हेच शिकायचं होतं आणि मलाही.

आणि फॉर्म! सगळा इंग्रजीत. चार पानं. समोर बसलेले ८० टक्के लोक मराठी शाळेत शिकलेले, आणि 'मला काय नको' हे ज्या कागदावर लिहायचं तो कागदच वाचता येत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या भाषेची अट नाही, मराठीत लिहिलं तरी चालतं. मग मराठीतच छापा न.

घरी येऊन आईने आठ दिवस कागद डायनिंग टेबलवर कॅलेंडरखाली ठेवला होता, मी काही म्हटलं नाही. नवव्या दिवशी दुपारी वही घेऊन बसली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं. त्यातल्या दोन ओळी तिला विचारून इथे देते: "बरं होण्यासारखं असेल तर आयसीयूत ठेवा, पैशाकडे बघून मागे सरू नका. बरं होण्यासारखं नसेल तर नळीने जेवण देऊ नका, चमच्याने पाणी द्या, आणि माझे हात बांधू नका." शेवटचं वाचून मी उठून किचनमध्ये गेले. १९ दिवस ती काही बोलली नव्हती, पण तिने ते बघितलं होतं.

पहिल्या नोटरीने परत पाठवलं. म्हणाले असं काही नसतं, हे आत्महत्येत मोडेल. तिथे वाद घालू नका, दुसरीकडे जा. आम्ही २०२३ च्या ऑर्डरची प्रिंट घेऊन दुसऱ्यांकडे गेलो, त्यांनी बसून पूर्ण वाचली, आईला एकटीला आत बोलावून विचारलं की माय, कोणाच्या दबावाखाली नाही न, आणि मग शिक्का मारला. साक्षीदार म्हणून समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त मास्तर आणि आईच्या भजनी मंडळातल्या एक काकू आल्या. कस्टोडियनकडे प्रत द्यायचं काम या महिन्यात करायचंय.

दादा चिडला होता. फोनवर म्हणाला तुम्ही आईला जायची घाई करून राहिले का. आईने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, तुझ्या बाबांच्या वेळी तुम्ही दोघं बहीण-भाऊ वर्षभर एकमेकांशी धड बोलले नाहीत, माझ्या वेळी तसं नको म्हणून मी लिहून ठेवते आहे, तुझंही नाव टाकलंय त्यात. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, हात बांधू नका असं काहून लिहिलं. आईने त्याला सांगितलं. तो तेव्हा चौथ्या दिवशीच सुट्टी संपली म्हणून परत गेला होता, त्याला माहीतच नव्हतं.

तर जाणार असाल तर एवढं करा. एकटे जाऊ नका, आई-बाबांना घेऊन जा आणि जमलं तर भावंडांनाही, बाहेरगावी असतील तर व्हिडिओ कॉल लावून बसवा, कारण दारात भांडण त्यांच्याशीच होतं. गाडीला जागा नाही, ऑटोने जा. पुढे बसा. आणि दुखण्याचं, घरी सांभाळण्याचं विचारा, विचारल्याशिवाय सोडू नका.

मंडळाच्या लोकांनी हे वाचलं तर: आईने मराठीत लिहिलेला मजकूर आम्ही टाइप करून ठेवलाय, वकिलाकडून तपासून घेतलाय. नाव-पत्ता काढून पुढच्या बैठकीत नमुना म्हणून वाटायला आईची परवानगी आहे. झेरॉक्सचा खर्च आम्ही करतो.