उलव्यातल्या घराचा स्लॅब: 20 महिने आणि दोन पावसाळ्यांनंतर

स्लॅब भरून 20 महिने झाले, राहायला येऊन 11. दोन पावसाळे या छतावरून गेले, म्हणून आता लिहिते. भरल्यानंतर आठवड्याभरात लिहिलं असतं तर "झकास झालाय" एवढंच लिहिलं असतं, कारण वरून तो झकासच दिसत होता.

घर नवी मुंबईतल्या उलव्यात, तळमजला अधिक एक, साधारण 22 बाय 30 फूट. लिहिते आहे ते गच्चीच्या स्लॅबबद्दल. खाडी जवळ, हवा खारट. इथे खिडकीचं ग्रिल एका पावसात गंजतं. आमच्या ठेकेदाराने आधी एम 20 चा, म्हणजे दर चौरस मिमीला 20 न्यूटन दाब सोसणाऱ्या काँक्रीटचा, दर दिला होता. स्ट्रक्चरल इंजिनीअर ठाम होते: किनाऱ्याच्या हवेत उघड्यावर राहणाऱ्या काँक्रीटला आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक किमान एम 30 सांगतं, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर नको, आणि उघड्या भागात सळईवर 45 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवं. शेवटी एम 30 चं, प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट मागवलं. बीम धरून 15 घनमीटर, तीन गाड्या.

नियमाप्रमाणे 15 घनमीटरपर्यंत दोन नमुने पुरतात. इंजिनीअर म्हणाले, गाडीमागे एक नमुना घ्या. प्रत्येक नमुन्याचे सहा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे), तीन 7 दिवसांनी फोडायचे, तीन 28 दिवसांनी. तेव्हा मला हा उगाचचा खर्च वाटला होता. पुढे जे कळलं ते या एका गोष्टीमुळेच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस. बाबांनी नारळ फोडला, पहिली गाडी आठला आली, पावणेदहाला रिकामी झाली. स्लंप, म्हणजे कोनाचा साचा काढल्यावर काँक्रीटचा ढीग किती खचतो ते माप, मागवल्याप्रमाणे 120 मिमीच्या आसपास. दुसरी गाडी उरण फाट्याच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत अडकली. ती आली पावणेबाराला. चलनावर प्लांटमध्ये गाडीत काँक्रीट भरल्याची वेळ 9:20. म्हणजे 2 तास 25 मिनिटं. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत उतरवायचं असतं. सेटिंग लांबवणारं रसायन घातलं असेल तरच जास्त वेळ चालतो. चलनावर तसं काही नव्हतं. हे मला आज पाठ आहे, त्या दिवशी माहीत नव्हतं. इंजिनीअर तासाभरासाठी दुसऱ्या साइटवर गेले होते.

काँक्रीट घट्ट झालं होतं, पंप ओढेना. ड्रायव्हरने टाकीतला पाइप ड्रममध्ये सोडला. मी विचारलं तेव्हा मुकादम म्हणाला, "वहिनी, थोडं पाणी घातल्याशिवाय पाइपातून उतरत नाही. सगळीकडे असंच करतात." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

थोडं पाणी म्हणजे किती, त्याचा हिशोब नंतर मांडला. घनमीटरला किमान 320 किलो सिमेंट धरलं तर 0.45 प्रमाणाने पाणी येतं 144 लिटर. सहा घनमीटरच्या गाडीत 15 लिटरच्या सहा बादल्या वाढल्या, की घनमीटरमागे 15 लिटर जादा. प्रमाण जवळजवळ 0.50. सहा बादल्यांनी एम 30 ची अट मोडली, आणि पाइपातून पाणी सोडताना बादल्या कोण मोजतं? अशा वेळी गाडी परत पाठवायची, किंवा प्लांटच्या माणसाला बोलावून मोजून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारं रसायन) घालून घ्यायचा. इंजिनीअर परत आले तोवर अर्धी गाडी उतरली होती. त्यांनी पाणी थांबवलं, स्लंप बघितला, 300 मिमीचा कोन काढल्याबरोबर ढीग पसरला. क्यूब त्याच मालाचे भरून घेतले.

आणखी एक. पहिल्या गाडीचं काँक्रीट जिथे संपलं होतं तिथे अंगठा दाबला तरी ठसा उमटत नव्हता, इतकं ते आवळलं होतं. त्याच्यावर सिमेंटचं पाणी शिंपडून नवा माल ओतला गेला. वरून पट्टी मारल्यावर सांधा दिसेनासा झाला.

28 दिवसांच्या क्यूबच्या ताकदीचे सरासरी आकडे: पहिली गाडी 38.5, दुसरी 31, तिसरी 37.5. रिपोर्टवर तिन्हीपुढे पासचा शेरा. ठेकेदाराने तो कागद अभिमानाने हातात दिला. पण एम 30 चं मिक्स डिझाइन करताना 30 वर नेम धरत नाहीत, 38.25 धरतात, म्हणजे कमीजास्त होऊनही बहुतेक नमुने 30 च्या वर राहतात. त्यामुळे 31 चा अर्थ, नेमापासून सात आकडे खाली. दोनच नमुने घेतले असते आणि ते पहिल्या-तिसऱ्या गाडीचे निघाले असते, तर आमच्या फायलीत सुंदर रिपोर्ट असता आणि हॉलच्या डोक्यावर दुसरी गाडी असती. शिवाय क्यूब फक्त मालाबद्दल सांगतो. व्हायब्रेटर नीट फिरला का, पाणी मारलं का, सळई जागेवर राहिली का, हे क्यूबला माहीत नसतं.

सळईचीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे कोणीच बघत नाही. याच स्लॅबमधून काढलेली आमची बाल्कनी साडेतीन फूट बाहेर आहे. पुढे आधार नाही, म्हणून तिचा सगळा ताण वरच्या जाळीवर. जाडी 150 मिमी, वर 45 मिमी कव्हर, 10 मिमीची सळई: खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत 100 मिमी. मजूर पाइप घेऊन त्या जाळीवर उभे राहिले, जाळी 40 मिमी दबली, की 100 चे उरले 60. सळई तेवढीच, सिमेंट तेवढंच, आणि बाल्कनीची ताकद साधारण 60 टक्क्यांवर. प्लास्टर झाल्यावर हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. इंजिनीअरने आदल्या संध्याकाळी खुर्च्या (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) कमी आहेत म्हणून सळई बांधणाऱ्या फिटरला परत बोलावलं, फूट-दीड फुटावर खुर्च्या बांधून घेतल्या आणि चालायला फळ्या टाकल्या. ओतताना मी दोनदा फूटपट्टीने मोजलं. मुकादमाला राग आला, आला तर आला. आज बाल्कनीत कुंड्या आहेत, गणपतीत 12 माणसं उभी होती, आणि बाल्कनी जिथे भिंतीला मिळते तिथे वरच्या बाजूला एकही तडा नाही. तडा शोधायचा तो तिथेच.

पाणी मारण्याचं आम्ही कोणावर सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफे घातले, दोन इंच पाणी उभं ठेवलं, 14 दिवस. साध्या सिमेंटला किमान 7, फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) असलेल्याला 10 आणि जमल्यास 14 असा दंडक आहे. उन्हं चढत होती, दुपारपर्यंत वाफे अर्धे व्हायचे. बाबा रोज दोन वेळा टँकरचं पाणी चढवायचे. सेंटरिंगचं (स्लॅबखालच्या साच्याचं) सामान दुसऱ्या साइटला हवं म्हणून आठव्या दिवशी टेकू काढायला माणसं हजर. आमच्या हॉलचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) साडेचार मीटरपेक्षा मोठा, त्याला 14 दिवस लागतात. परत पाठवली. बाल्कनीचे टेकू सगळ्यात शेवटी, तेही बाहेरच्या टोकाकडून आत काढले; आतले आधी काढले तर बाल्कनी बाहेरच्या टेकूवर टेकते आणि ताण उलटा, खालच्या बाजूला येतो.

सेंटरिंग उतरल्यावर खालून पाहिलं. पहिल्या-तिसऱ्या गाडीचा भाग गुळगुळीत, हातोडीने टणटणीत. दुसरीच्या सुरुवातीला बीमजवळ हातभर मधपोळं, खडी उघडी, आवाज बद्द. ठेकेदाराचा माणूस प्लास्टरचा माल घेऊन तयारच होता. त्याला थांबवलं, आधी फोटो काढले. मग वर पुन्हा पाणी भरून तीन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी खाली एक ओली रेघ उमटली, अगदी जिथे दोन गाड्यांचा सांधा होता तिथे. मी ती रेघ बघत किती वेळ उभी होते सांगता येणार नाही.

नॉझल लावून सिमेंट ग्राउटिंग केलं (पातळ सिमेंट दाबाने आत भरलं), मधपोळं फोडून कमी आकसणाऱ्या मॉर्टरने भरलं, पुन्हा तीन दिवस पाणी. कोरडं. मगच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर. कोबा आधी झाला असता तर ते पाणी आत कुठे फिरलं असतं देव जाणे. रिबाउंड हॅमरही (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं यंत्र) मारून घेतला, पण तो वरच्या थराचाच कठीणपणा सांगतो. वेगवेगळ्या जागांची तुलना करायला बरा, त्यावरून "स्लॅब एम 30 आहे" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आजची स्थिती: गळती नाही. पंख्याच्या डब्याभोवती पहिल्या पावसात किंचित ओल आली होती, ती कोब्याच्या कोपऱ्यातून होती, गोलाई पुन्हा केल्यावर थांबली. हॉलमध्ये सांध्याला धरून केसासारखा एक तडा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घातली आहे. डिसेंबर 2024 च्या खुणा अजून टोकांवरच आहेत, तडा पुढे सरकलेला नाही.

धाकट्या दिरांचं घर जानेवारीत भरायचं आहे, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. गाड्या पहाटे पाचला मागवल्या आहेत, कंटेनर रस्त्यावर यायच्या आत. दोन गाड्यांतलं अंतर 40 मिनिटं असं प्लांटकडून लिहून घेतलं आहे. इंजिनीअर दिवसभर थांबणार आहेत, आणि चलनं बघायला गाडीजवळ मी.