'ओब्लिव्हियन' की 'द क्रिएटर': एकच बघायचा असेल तर

शुक्रवारी रात्री मावसबहिणीचा मेसेज आला, "दादा, उद्या एकच पिक्चर बघायला जमणार आहे. 'ओब्लिव्हियन' की 'द क्रिएटर'? दोन्ही दिसायला भारी आहेत म्हणे, पण गोष्ट ढापलेली." मी मालाडच्या एका स्टुडिओत नऊ वर्षं रोटो आणि कॉम्पोझिटिंग करतोय, म्हणजे शॉटमधली माणसं-वस्तू कडेने कापून वेगळ्या करायच्या आणि वेगवेगळी दृश्यं एका चौकटीत बेमालूम जोडायची. तिला दोन ओळींत उत्तर देऊन झोपणं काही जमेना.

उसनवारी दोन्हीकडे आहे. 'ओब्लिव्हियन' (२०१३) मध्ये उजाड पृथ्वी, यंत्रं दुरुस्त करत फिरणारा माणूस, पुसलेल्या आठवणी आणि लाल डोळ्याचं यंत्र. 'द क्रिएटर' (२०२३) मध्ये यंत्रमानवांशी युद्ध, हत्यार म्हणून घडवलेलं मूल, त्याला संपवायला निघालेला आणि त्याचाच राखणदार झालेला सैनिक, वर आभाळातून नेम धरणारं अवाढव्य स्थानक. सायफाय बऱ्यापैकी बघितलं असेल तर यातलं काहीच नवं वाटणार नाही. पण जोसेफ कोसिन्स्कीने 'ओब्लिव्हियन'मध्ये या कल्पना एकमेकींत अशा गुंतवल्यात, की एक गाठ सुटली की दुसरी हाताला लागते. 'द क्रिएटर'मध्ये गॅरेथ एडवर्ड्सने त्या एकीमागे एक ओवल्यात. शेवटच्या अर्ध्या तासात तर पात्रं अशक्य ठिकाणी फार सहज पोहोचतात, आणि तिथे माझं मन गोष्टीतून बाहेर आलं.

दिसण्याच्या बाबतीत मात्र दोघांची तुलना करताना मला खरी मजा येते, कारण दोघांनी अगदी उलट वाटा धरल्या.

आमच्या कामात काच हा सगळ्यात छळणारा प्रकार. मागचं दृश्य नंतर भरता यावं म्हणून लावतात त्या हिरव्या पडद्यासमोर काच शूट केली की तिच्यात हिरवा रंग उतरतो. मग तो काढत बसा, कडा सांभाळा, वर खोटं प्रतिबिंब चढवा. 'ओब्लिव्हियन'मधलं ढगांवरचं घर तर जवळजवळ सगळं काचेचं. कोसिन्स्की आणि छायालेखक क्लॉडिओ मिरांडा यांनी हिरवा पडदाच टाळला. हवाई बेटांवरच्या हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरून, सुमारे १० हजार फुटांवरून, आभाळ चित्रित करून आणलं आणि सेटभोवती २१ प्रोजेक्टरांनी ते लावलं. त्यामुळे टेबलात, फरशीत, टॉम क्रूझच्या डोळ्यांत दिसणारं आभाळ शूटिंगच्या वेळी समोरच होतं. सूर्य कलतो तसा चेहऱ्यांवरचा रंग बदलतो. तो उजेड आम्ही नंतर कितीही रात्री जागून चढवला असता तरी असा आला नसता.

एडवर्ड्स सेट सोडून थायलंड, नेपाळ, कंबोडियात फिरला. बरोबर छोटी टोळी आणि बराचसा पिक्चर सोनीच्या एफएक्स-३वर, म्हणजे आपल्याकडे लग्नं शूट करणाऱ्यांच्या हातातही दिसतो त्या कॅमेऱ्यावर. खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. 'ओब्लिव्हियन'चा त्याच्या दीडपट. आधी खरी माणसं खऱ्या गावांत टिपली, गर्दीतला कोण यंत्रमानव हे पुष्कळदा नंतर ठरवलं. छोट्या अल्फीच्या, म्हणजे त्या हत्यार म्हणून घडवलेल्या यंत्र-मुलीच्या, कानामागचं आरपार भोक बघा. तिने मान वळवली की त्या भोकातून पलीकडचं दिसतं. म्हणजे मान, कान आणि मागचं दृश्य, तिन्ही फ्रेमगणिक जुळवावं लागतं. मी एक शॉट थांबवून थांबवून बघितला. धातू जिथे कातडीला भिडतो तिथे उजेड तुटत नाही. ज्याने ते केलं त्याला माझा सलाम.

संगीताचं थोडक्यात: 'ओब्लिव्हियन'मधले एम८३ या बँडचे सिंथेसायझरचे सूर लक्षात राहतात, 'द क्रिएटर'मधलं संगीतकार हान्स झिमरचं काम त्या मानाने शांत.

वेळेत फारसा फरक नाही, १२४ आणि १३३ मिनिटं. पडद्याच्या आकाराने मात्र फरक पडतो. 'द क्रिएटर'ची चौकट २.७६:१, म्हणजे उंचीच्या पावणेतीनपट रुंद. घरच्या टीव्हीवर उंचीचा जवळपास तिसरा हिस्सा काळ्या पट्ट्यांत जातो. विरार लोकलमध्ये मोबाइलवर तर बघूच नका. भाताच्या शेतामागून उगवणारं ते स्थानक बोटाएवढं दिसेल. 'ओब्लिव्हियन' लहान पडद्यावर बराच तग धरतो, कारण त्याची गोष्टच धरून ठेवते.

तेव्हा ज्यांनी सायफाय फारसं बघितलेलं नाही, त्यांनी 'ओब्लिव्हियन' घ्यावा. त्यातला धक्का त्यांना खरंच बसेल. ज्यांना सगळी वळणं पाठ आहेत, त्यांनी 'द क्रिएटर'. गोष्ट आधीच कळेल, पण असे चेहरे आणि अशी भूमी त्यांनीही बघितलेली नसेल. मला स्वतःला हा दुसरा, 'द क्रिएटर'च, जास्त आवडतो.

बहिणीला 'ओब्लिव्हियन' सांगितला, आणि ट्रेलर अजिबात बघू नकोस म्हणून बजावलं. 'द क्रिएटर'साठी दादरच्या काकांना पुढच्या रविवारी त्यांचा ५५ इंची टीव्ही मागून ठेवलाय.