पीएसपी-१००० साठी बांधलेला बॅटरी पॅक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दादाचा पीएसपी-१०००, म्हणजे सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, कपाटातून काढला तेव्हा मागचं बॅटरीचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. बॅटरी फुगली होती. लिथियम सेल म्हातारा झाला की आत वायू साठतो आणि तो असा फुगतो. अशी बॅटरी एक दिवसही यंत्रात ठेवू नये. मी ती त्याच दिवशी काढली.

आधी तयार बॅटरी मागवली. लेबलवर ठळक अक्षरात ३६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप). सोनीची मूळ बॅटरी ३.६ व्होल्ट, १८०० एमएएच. त्याच मापाच्या डबीत बरोबर दुप्पट कसं मावेल, हा प्रश्न मागवण्याआधीच पडायला हवा होता. कपॅसिटी टेस्टरवर अर्ध्या अँपिअरच्या लोडने ३ व्होल्टपर्यंत उतरवली, तेव्हा निघाले ११४०. ज्या वस्तूच्या भरवशावर माणूस यंत्र हातात धरून तासन्‌तास बसतो, तिच्यावर खोटा आकडा छापलेला पाहून मला खरंच राग आला. परत पाठवली.

मग ठरवलं, जुन्या पॅकचं सर्किट ठेवायचं आणि आतला सेल तेवढा नवा घालायचा. तेव्हा हे परीक्षण आहे ते मी घेतलेल्या सुट्या पाउच सेलचं (पातळ पिशवीसारख्या वेष्टनातला चपटा लिथियम सेल) आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पॅकचं.

सेल निवडताना आधी माप बघा, एमएएच नंतर. पाउच सेलवर बहुतेक वेळा सहा आकडी क्रमांक असतो आणि तो मापच सांगतो. ६०४०५० म्हणजे ६ मिमी जाड, ४० मिमी रुंद, ५० मिमी लांब. रिकाम्या डबीची आतली मापं व्हर्नियरने घेतली आणि जाडीत जवळजवळ एक मिमी मोकळा राहील असा सेल घेतला. ही फट मुद्दाम ठेवली. वापरात सेल थोडा जाड होतोच, आणि त्याला जागा नसेल तर दाब कन्सोलवर येतो. दुसरी गोष्ट म्हणजे ४.३५ व्होल्टपर्यंत भरणारे सेल टाळा. पीएसपी ४.२ ला चार्जिंग थांबवतो, त्यामुळे लेबलवरची पूर्ण क्षमता तिथे कधीच मिळत नाही.

मी घेतलेल्या सेलवर १८०० एमएएच लिहिलं होतं. दोन मागवले होते, त्याच पद्धतीने मोजल्यावर एकाचे १७७० भरले, दुसऱ्याचे १७५०. इतका प्रामाणिक आकडा बऱ्याच दिवसांनी बघितला. सोबत डेटाशीटही होतं, त्यात चार्जिंगचा कमाल करंट स्पष्ट दिलेला.

तक्रार एकच आहे, पण ती मोठी आहे. सेलची धन पट्टी नुसती अॅल्युमिनियमची आली. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. कथिलाचा थेंब पट्टीवर मोत्यासारखा गोळा होतो आणि घरंगळतो. अशा वेळी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवायचा मोह होतो, तो आवरा. ती उष्णता पट्टीवाटे थेट सेलच्या सीलपर्यंत पोचते. मी स्पॉट वेल्डरने (क्षणभर मोठा करंट देऊन धातूच्या पट्ट्या जोडणारं यंत्र) निकेलची छोटी पट्टी जोडली आणि सोल्डर त्या निकेलवर केलं. ज्यांच्याकडे स्पॉट वेल्डर नाही, त्यांनी निकेल आधीच जोडलेलेच सेल घ्यावेत. पुरवठादाराने हे विकतानाच सांगायला हवं होतं.

जुना पॅक फोडताना धातूचं काही वापरलं नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने शिवण हळूहळू सोडवत गेले, याला पाऊण तास लागला. सेलच्या पट्ट्या कापताना एका वेळी एकच कापायची आणि कापली की लगेच कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी टेप) झाकायची. दोन्ही पट्ट्या एकाच कात्रीत आल्या तर ते सरळ शॉर्ट सर्किट. जुन्या पॅकचा बोर्ड, म्हणजे ते सर्किट, मात्र जपून ठेवा. सेलचं संरक्षण तो करतो, आणि किती चार्ज उरलाय हे कन्सोलला तोच कळवतो. काढलेला सेल टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिला. तो घरच्या कचऱ्यात टाकू नका.

पहिले काही दिवस टक्केवारीने गोंधळ घातला. सेटिंग्जमध्ये बॅटरीची माहिती २५ टक्के दाखवायची आणि यंत्र बंद पडायचं, कारण बोर्डाच्या हिशेबात नवा सेल अजून बसला नव्हता. तीन वेळा पूर्ण भरून पूर्ण उतरवल्यावर आकडा बराच ताळ्यावर आला. अगदी अचूक अजूनही नाही.

आता डिस्कवरचा खेळ मध्यम उजेडात साडेचार तास चालतो. मेमरी स्टिकवरून चालवला तर त्याहून जास्त, कारण डिस्क फिरवणाऱ्या मोटरला वीज लागत नाही. चार्जिंग होताना डबी कोमट होते, गरम नाही. आठ महिन्यांत झाकण सपाट आहे, मी दर महिन्याला बोट फिरवून बघते. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा दादाने अर्ध्यावर सोडलेली शर्यत सेव्हमध्ये तशीच होती. ती मी पुढे खेळले नाही, तो आल्यावर त्याच्या हातात दिला.

मल्टिमीटर धरायची सवय असेल तर हे काम जरूर करा आणि सेलही असाच, डेटाशीटसह येणारा घ्या. सवय नसेल तर एखाद्या जाणकाराला शेजारी बसवा, कारण इथे चूक झाली तर धूर निघतो. दुसरा सेल मी ३.८ व्होल्टवर, म्हणजे साधारण अर्धा भरून, गार जागी ठेवलाय. परवा मोजला तेव्हा ३.७९ होता.