जुना कॅसेट डेक: काही महिने ऐकल्यानंतर

कॅसेटचा आवाज म्हणजे बोदा, डगमगता आणि मागे सतत सळसळ, असं सरसकट म्हटलं जातं. गेले काही महिने जवळपास रोज जुन्या डेकवर ऐकतोय आणि माझं मत पक्कं झालंय: यातला बराचसा दोष देखभाल न झालेल्या यंत्राचा असतो, कॅसेट उगाच बदनाम झाली.

माझा डेक ऐंशीच्या दशकाच्या अखेरचा, दोन हेडचा (हेड म्हणजे फितीवर आवाज भरणारा किंवा वाचणारा भाग), डॉल्बी बी आणि सी या सळसळ कमी करणाऱ्या यंत्रणा असलेला. आला तेव्हा मोटर फिरायची, पण फीत हलायची नाही. उघडला तर रबरी बेल्ट विरघळून त्याचा काळा चिकटा झालेला. इतक्या जुन्या डेकमध्ये हे सर्रास आढळतं, त्यामुळे 'चालू स्थितीत' असं ऐकून घेतला तरी बेल्ट बदलायची तयारी ठेवाच. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुलीवरून पूर्ण निघायला हवा, थोडा जरी राहिला तरी नवा बेल्ट नीट चालत नाही. पिंच रोलर, म्हणजे फीत दाबून धरणारं रबरी चाक, तेही कडक पडून चकाकत होतं, तेही बदललं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने ओढायचं काम हा रोलर आणि कॅप्स्टन (फिरणारा बारीक धातूचा दांडा) मिळून करतात. रोलर खराब झाला की वेग हलतो, आणि टेप 'खाल्ली' जाते तीही बऱ्याचदा याच्यामुळेच.

वेग तपासायला ३१५० हर्ट्झचा एकच स्वर भरलेली टेस्ट टेप आणि फोनवरचं वारंवारता मोजणारं ॲप पुरतं. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर पांढरी एकचं गाणं थेट काळी एकमध्ये ऐकू येतं. मोटरच्या बारीक स्क्रूने तो जागेवर येतो. पण सरासरी वेग बरोबर असूनही स्वर थरथरू शकतो. ते ओळखायला मी तानपुऱ्याची टेप लावतो. ताल-ठेक्याच्या गाण्यात जे लपून जातं, ते लांब धरलेल्या षड्जात लगेच कळतं. पियानोचा विरत जाणारा स्वरही असाच निर्दय परीक्षक आहे.

आता अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा फितीशी असलेला कोन. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक इथे पडला. या वेगाला १० किलोहर्ट्झच्या स्वराची एक लहर फितीवर जेमतेम पाच मायक्रॉन जागा घेते. हेड किंचित कललं तरी एवढ्या बारीक लहरी पुसल्या जातात. झांजा, तबल्याच्या चाटीची धार, गायकाचा श्वास, सगळं हरवतं. हेडशेजारचा स्क्रू हळूहळू फिरवत, आवाज मोनो करून ऐकला, तर एका बिंदूवर पडदा सरकल्यासारखं सगळं उजळतं. नाकामिची या जपानी कंपनीने १९८२च्या ड्रॅगन डेकमध्ये हा कोन आपोआप साधणारी यंत्रणा बसवली होती, ती उगाच नव्हे. दुसऱ्या डेकवर भरलेल्या टेपसाठी कोन पुन्हा थोडा हलवावा लागतो. स्वतः रेकॉर्ड करायचं असेल तर आधी टेस्ट टेपवर तो नीट लावून घ्या, नाहीतर तुमच्या टेप इतर डेकवर बोद्या वाजतील.

डॉल्बीबद्दलची नाराजीही बऱ्याचदा इथूनच येते. डॉल्बी बी वरच्या पट्ट्यातली सळसळ सुमारे दहा डेसिबलने कमी करतं. पण कोन चुकून तार स्वर आधीच क्षीण झाले असतील, तर सर्किट त्यांना हळू आवाज समजून आणखी दाबतं. लोक वैतागून डॉल्बी बंद करतात. माझ्या डेकचा कोन लागल्यापासून डॉल्बी बीमध्ये भरलेल्या टेप मी डॉल्बी बी लावूनच ऐकतो आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

टेपांचं थोडक्यात: सी-६० आणि सी-९० (आकडा म्हणजे दोन्ही बाजू मिळून मिनिटं) उत्तम. सी-१२०ची फीत फार पातळ असते, जुन्या डेकमध्ये घालू नये. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका, हेडवर जाते आणि तिथून दुसऱ्या टेपवर. क्रोम टेपवर (क्रोमियम ऑक्साइडच्या लेपाची) सळसळ कमी, पण चांगली फेरिक टेप (लोह ऑक्साइडच्या लेपाची, साधी) रेकॉर्डिंगच्या योग्य पातळीवर भरली तर ती मला जास्त भरदार वाटते.

ऐकण्याची सवयही बदलली. सी-९०च्या एका बाजूला ४५ मिनिटं. मधलं काही उडवायचं तर फास्ट फॉरवर्ड करून जागा शोधावी लागते, म्हणून बहुतेक वेळा उडवत नाही. विलंबित ख्यालाला हे फार मानवतं. आलापाच्या मध्येच पुढे जाण्याचा मोह उरलेला नाही.

हेड, कॅप्स्टन आणि रोलर नियमित पुसणं मात्र टळत नाही. ज्याला हे काम कटकटीचं वाटेल त्याने डेक घेऊ नये, असंच मी सांगेन. घेणाऱ्याने बटणं आणि चमचमते मीटर पाहण्यापेक्षा त्या मॉडेलचे बेल्ट व रोलर मिळतात का ते आधी बघावं. माझा पुढचा डेक तीन हेडचा असेल, कारण त्यात रेकॉर्डिंग चालू असतानाच फितीवर काय उमटतंय ते ऐकता येतं आणि पातळी तिथल्या तिथे सुधारता येते.