साकोलीकडचं जंगल सर्व्हायव्हल शिबिर: तीन दिवसात काय शिकली न काय नाही पटलं

आधी हे सांगते की मी शहरातली नाही, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली आहे, जंगल घरापासून पायी दहा मिनिटावर, मोह, तेंदू, सात्या (रानातल्या अळंब्या), वास्ते (बांबूचे कोंब) यासाठी लहानपणापासून जाणं-येणं आहे. मग हिला साडेतीन हजार भरून जंगलात राहायला जायची काय गरज, असं घरी सगळ्यांनीच विचारलं.

कारण असं की दोन वर्षाआधी मे महिन्यात मी न माझी मोठी माय तेंदूपत्ता तोडायला गेलो होतो, सत्तर पानांचा एक पुडा, सकाळी जितके जास्त पुडे बांधून होतील तितकं फळीवर, म्हणजे पत्ता जमा करून घेतात तिथं, बरं, म्हणून तोडत तोडत बाकी बायकांपासून लांब गेलो आणि वाट चुकली. पाण्याची एकच बाटली, ती दुपारीच संपली. रात्र तिथंच काढली, सकाळी एका गुराख्याचा आवाज आला म्हणून सुटलो. मोठ्या मायला नंतर तीन दिवस सलाईन होती. तेव्हापासून डोक्यात होतं की हे नीट शिकायचं. तर हा रिव्ह्यू मी त्या एका रात्रीच्या हिशोबानं लिहून राहिली, की जे शिकवलं ते त्या रात्री कामी आलं असतं का. शिबिरवाल्यांचं नाव टाकत नाही, त्यांची जी एक मोठी चूक होती ती मी त्यांना तोंडावर सांगितली आहे.

डिसेंबर महिना, दोन रात्री तीन दिवस, जंगलाला लागून एक खाजगी शेत. आम्ही अठरा जण, त्यात चार बायका. तंबू ठीक, संडास-बाथरूम स्वच्छ, बायकांचं वेगळं होतं, त्याबद्दल काही तक्रार नाही.

पहिल्याच दिवशी वाट चुकल्यावर काय करायचं ते घेतलं आणि माझ्या मते याच एका तासात अर्धे पैसे वसूल झाले. चुकलो असं वाटलं की थांबायचं, बसायचं, दम घ्यायचा, पाणी किती न उजेड किती ते पाहायचं, मगच पाय उचलायचा. आम्ही त्या दिवशी नेमकं उलटं केलं होतं, घाबरून दोन तास उन्हात चालत राहिलो न अजून आत गेलो. मग सर म्हणाले की नाला सापडला की त्याच्या धारेनं खाली जा, गाव लागतंच. तिथं लाकडं आणायला न स्वयंपाकाला बाजूच्या गावचे एक मामा होते, ते मागून बोलले, "सर, उन्हाळ्यात नाल्यानं नोका पाठवू पोराइले, वाघ थंडाव्याले तेथंच बसून रायते." सर थांबले, बरोबर आहे म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास मामांनाच बोलायला दिला. ही गोष्ट मला लय आवडली.

मामांनी सांगितलं की नाल्यापेक्षा गाडरस्ता शोधा, जाळरेषा शोधा, म्हणजे वनविभाग आगीसाठी जो पट्टा साफ करून ठेवते तो, तो कुठंतरी रस्त्याला मिळतोच. आणि पाटीवर, दगडावर कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा नंबर, लिहिलेला असते तो वाचून ठेवा. हा नंबर म्हणजे जंगलातला तुमचा पत्ता आहे. फोन लागला तर वनविभागाचा १९२६ किंवा ११२ वर तोच नंबर सांगायचा. त्या दिवशी एका टेकडीवर माझ्या फोनला एक कांडी रेंज आली होती हो, घरी फोन लागलाही, पण मी फक्त एवढंच सांगू शकली की आम्ही जंगलात आहो. कक्ष क्रमांकाची पाटी मी वाटेत पाहिली होती, पण वाचायची असते हे माहीत नव्हतं.

मोह वेचायच्या वेळचं पण मामाच बोलले. झुंजूमुंजूला एकटी बाई मोहाखाली वाकून बसली की वाघाला ते माणूस वाटत नाही, न अस्वलाला तर मोह आपल्यापेक्षा जास्त आवडते, म्हणून टोळीनं जा, बोलत राहा, उजाडू द्या. हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे, पाळत कोणी नाही.

आता आगीचं. चकमक रॉड दिला होता, लोखंडी पट्टीनं खरवडलं की ठिणग्यांचा पाऊस पडते, ओला झाला तरी पुसून चालते. काटेसावरीच्या कापसावर तिसऱ्या झटक्यात पेटलं. धनुष्यासारखी काडी फिरवून आग काढायची ती पद्धत पण शिकवली, लाकूड असं पाहिजे की नखाची खूण उमटली पाहिजे, मी एक वाजतापासून चारपर्यंत केलं, धूर निघाला, निखारा नाही झाला. अठरातल्या फक्त दोघांचं पेटलं. करून पाहायला चांगलं आहे पण अडचणीच्या वेळी यावर भरोसा ठेवू नका, माचिस पन्नीत गुंडाळून जवळ ठेवा. मामांनी सालईचा डिंक आणला होता, सुपारीएवढा खडा धडधड जळते न वरचं लाकूड ओलसर असलं तरी पेटवते.

पण एक गोष्ट सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होती ती दुसऱ्या दिवशी सांगितली, की हे सगळं शेतात चालते, जंगलात विस्तव करणं गुन्हा आहे, आणि १५ फेब्रुवारी ते १५ जून तर आगीचाच हंगाम असते. आमच्याकडंही मोहाखालचा पाचोळा पेटवतात, न तीच आग पुढं पसरत जाते. ज्यानं व्हिडिओ पाहून शिकलं तो पोरगा मे महिन्यात जंगलात रॉड घासून बसला तर काय होईल, विचार करा.

पाण्याचं दोन भागात सांगते. खड्डा खोदून वरून प्लास्टिक ताणून उन्हानं पाणी जमवायचं ते प्रात्यक्षिक केलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चार चमचे पाणी. मे महिन्यात तो खड्डा खोदायला जेवढा घाम जाईल तेवढं पण परत येणार नाही, हे शिबिरातून काढून टाका असं मी लिहून दिलं आहे. त्यापेक्षा कोरड्या नाल्याच्या वळणावर रेतीत झिरा खोदून दाखवला तो खरा कामाचा, सोबत टोळी असली की. पहिलं गढूळ पाणी काढून टाकायचं, नवीन झिरपू द्यायचं. निवळीची बी भांड्याला आतून घासली की गाळ खाली बसते, हे माझी आजी करायची, मी विसरली होती. रेती न कोळशाची बाटलीतली गाळणी पण केली आणि सरांनी स्पष्ट सांगितलं की गाळल्यानं जंतू मरत नाहीत, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तरी उकळलंच पाहिजे. उन्हासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा. याची पुडी आता माझ्या झोळीत राहते.

जेवण चांगलं होतं. पळसाच्या पानात गोवऱ्यांवर पानगे केले, शहरातली पोरं व्हिडिओ काढत होती, आमच्या चौघींपैकी तिघींना येतच होते तर आम्हीच शिकवले. हिरव्या बांबूच्या कांडीत भात झाला, एक तोंड उघडंच ठेवायचं, दोन्हीकडून बंद कांडी विस्तवात फुटते.

आता ती चूक. दुसऱ्या दिवशी एक वेगळे ट्रेनर आले, फक्त सापासाठी. त्यांच्याकडं एक डबा होता, त्यात ब्लेड, रबर, पंप. म्हणे दंशाच्या वर घट्ट बांधा, चीर द्या, विष ओढून काढा. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावातलं एक पोरगं असंच गेलं, आधी दोरी, मग चीर, मग मांत्रिक, दवाखाना शेवटी. माझ्या बाजूला एक आशाताई बसल्या होत्या, त्या उठल्या न सगळ्यांसमोर बोलल्या की हे चूक आहे. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, हात-पाय मोडल्यावर जशी पट्टी बांधतो तशी लाकडी पट्टी बांधून हलू द्यायचं नाही, बांगड्या, जोडवी, अंगठ्या काढून टाकायच्या कारण सूज येते, वेळ लक्षात ठेवायची न १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच आहे. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते न दुखतही नाही, पापण्या जड पडायला लागल्या की समजते. २००० ते २०१९ या वीस वर्षात देशात सापानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यातली. असा विषय न तुम्ही ब्लेड दाखवता?

ते ट्रेनर वाद घालत राहिले. आयोजकांनी रात्री सगळ्यांना बसवून तो भाग चूक होता असं सांगितलं न पुढच्या वेळी डॉक्टर आणू म्हणाले. आणतील तेव्हा खरं, मी विचारणार आहे.

रात्री चांदण्या दाखवल्या, डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतात म्हणून शर्मिष्ठेवरून ध्रुव काढला, आपल्याकडं तो क्षितिजापासून हात लांब करून साधारण दोन मुठी वर दिसते. सोपं आहे.

पाचपैकी साडेतीन देते, सापाचा तो चुकीचा भाग सोडला तर साडेचार. जाणाऱ्यांनी दोन ब्लँकेट न्या, पहाटे लय थंडी असते. आणि आयोजकांनी हे वाचलं तर एक विनंती, थंडीत शहरातल्यांसाठी घेता ते घ्या, पण मार्चच्या आधी, मोह पडायच्या आधी एक दिवसाचं फळीवरच्या बायकांसाठी ठेवा, फी नको, फक्त वाट, पाणी, साप न शिट्टी एवढंच. संकटात तीन शिट्ट्या द्यायच्या हे मी मोठ्या मायला शिकवलं, ती आता शिट्टी गळ्यात घालूनच निघते. ग्रामपंचायतीचं मैदान मी मागून ठेवते, मामांना तुम्ही आणा, जेवणाचं आम्ही बायका पाहू.